दोन माणसांची गाडी

लोणावळा,
११ जानेवारी १९६४

प्रिय माधव,

गाडी आली. मालधक्क्यावरच्या भिकाजी गुड्स क्लार्कनं आज सकाळी स्वतः दवाखान्यात येऊन सांगितलं आणि सांगून झाल्यावर जीभ बाहेर काढून दाखवली. बातमी आणि खोकला एकाच फेरीत उरकले. गाडी सुटी आली आहे, म्हणजे सुट्या भागांत. पाच खोकी, गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन आणि सुतळीनं एकत्र बांधलेली चार चाकं.

दारात फियाट असताना ही दुसरी कशाला, असं तू विचारशीलच. मुंबईच्या एका पारशी गृहस्थांनी सात वर्षांपूर्वी हा संच विलायतेहून मागवला होता. तिकडे म्हणे लोक असे भाग आणून घरच्या घरी गाडी जोडतात आणि रविवारी मजेखातर पळवतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं अंग, टप नाही, दारं नाहीत, टांग टाकून आत उतरायचं. सगळं मिळून वजन बारा मण. त्यांनी खोकी उघडायच्या आधीच त्यांची कंबर गेली. खंडाळ्याला हवापालटाला आले तेव्हा कंबर मला दाखवली आणि बोलता बोलता खोकी मला देऊन टाकली. रेल्वेच्या शेडमधला फिटर महिपती जोडून देणार आहे.

आता खरं कारण. फियाट माझी नाही, ती दवाखान्याची आहे. तिचा भोंगा सगळं गाव ओळखतं. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला चंद्रिकेला घेऊन सूर्यास्त बघायला निघालो. खंडाळ्यापर्यंत चार जणांनी हात केला. चौथ्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. ती मागच्या सीटवर, तिची सासू उशाशी, बोचकं आणि नणंद पायाशी, नवरा माझ्या शेजारी, आणि चंद्रिका गजरा माळून रस्त्याच्या कडेला उभी. ती पायी घरी आली. मुलगा झाला. त्याचं नाव दिगंबर ठेवलंय.

वडील गेल्यापासून, म्हणजे गेल्या बारा वर्षांत, एक रविवार माझा म्हणून मिळालेला नाही. 'रविवारी बंद' अशी पाटी लावली तर लोक मागच्या दारानं येऊ लागले. म्हणाले, पाटी पुढच्या दाराला आहे.

नाही म्हणायची मला सवय नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. म्हणून अशी गाडी हवी होती जिच्यात तिसरं माणूस बसूच शकत नाही. माझ्या वतीनं गाडीनंच नाही म्हणावं. दोन जागा, एक माझी, एक चंद्रिकेची. जोडून झाली की पहिल्या रविवारी तुझ्याकडे येतो. आंदर मावळात तरी माझा भोंगा कोणी ओळखत नाही.

तुझा,
दिगू


मोरदरी, पोस्ट टाकवे,
२३ जानेवारी १९६४

प्रिय दिगू,

तुझं पत्र सोपान पोस्टमननं नवव्या दिवशी आणून दिलं. तुझ्या आयुष्यात सुटी आली तीसुद्धा खोक्यांतून, हे वाचून बरं वाटलं.

इथं पत्र आलं की शाळेच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचं, असा वाडीचा रिवाज आहे. एकट्यानं वाचलं तर मास्तरच्या घरी कोणी गेलं असं समजून बाया जेवण घेऊन येतात. मला इथं आता नववं वर्ष आहे. त्यामुळे चंद्रिकावहिनींच्या गजऱ्यापासून पुढचं गाळून बाकीचं वाचून दाखवलं. गाडीची गोष्ट सगळ्यांना फार आवडली. गेणूबाबा, म्हणजे इथले सगळ्यांत जुने आणि सगळ्यांचे आबा, त्यांनी विचारलं, किती माणसं बसतात. मी म्हटलं, दोनच. त्यांनी विडी विझवून कानावर ठेवली.

"बराबर हाय," म्हणाले. "एक डाक्टर आन् एक आजारी. तिसरा लागतोय कशाला?"

शाळेशेजारच्या सावित्राबाई म्हणाल्या, "तो मुंबईचा सायब येडा न्हवता म्हनायचा." मी खूप हसलो. तूही हस.

मागच्या गोळ्या संपल्या आहेत. हिवतापाच्या आणि जुलाबाच्या पाठव, मलमही पाठव. आता भूगोलापेक्षा जुलाबावर माझा हात जास्त बसला आहे. महिन्यातून एकदा पगाराला सात मैल चालत टाकव्याला जातो, तेवढंच माझं हिंडणं. बदलीचा अर्ज दरवर्षीप्रमाणे केला आहे. दरवर्षीप्रमाणेच त्याचं होईल.

गाडी जोडताना एखादा नट उरला तर फेकू नकोस. महिपतीला विचार.

तुझा,
माधव


लोणावळा,
६ एप्रिल १९६४

प्रिय माधव,

दोन नट उरले. महिपती म्हणतो, विलायतेतले लोक जादाचे देतात. गाडी मात्र चालते. फिकट हिरवा रंग दिला आहे, नंबरही मिळाला. पुण्याला तपासणीच्या कारकुनानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारून विचारलं, "बाकीची कुठे आहे?"

काल संध्याकाळी पाच वाजता मी आणि चंद्रिका तिच्यात बसलो. बसलो म्हणजे बादलीत उतरावं तसे उतरलो. माणूस रस्त्याच्या इतक्या जवळ असतो की हात खाली सोडला तर डांबर लागेल. पहिल्या वळणावरच चंद्रिकेचा अंबाडा सुटला. तिनं तो बांधला नाही. वलवणच्या पुलाजवळ दोन पेशंट उभे होते. एकाला मी सकाळीच इंजेक्शन दिलं होतं. त्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही. माधव, मला कोणी ओळखलं नाही. चाळीस मिनिटं आम्ही गेलो आणि आलो, आणि चाळीस मिनिटं मला कोणी जीभ दाखवली नाही. परत आल्यावर चंद्रिका खाली उतरायलाच तयार नव्हती. म्हणाली, जरा अशीच बसते.

१९ तारखेच्या रविवारी तुझ्याकडे येतो. टाकव्यापर्यंत सडक आहे, पुढची बैलगाडीची वाट सुकली असेल तर ही हलकी गाडी सहज जाईल. तुझ्या वाडीच्या अलीकडचा ओढा तेवढा अवघड आहे, असं तूच मागे लिहिलं होतंस. त्याचं कसं काय ते कळव. मुलीला तळेगावला मावशीकडे ठेवू. चंद्रिका सांज्याच्या पोळ्या आणणार आहे. आपण तिघांनी झाडाखाली बसायचं, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी परत. दवाखान्याचं नाव काढायचं नाही. हे मी गंभीरपणे लिहितो आहे. मी बॅगही आणणार नव्हतो, पण चंद्रिका म्हणते, बॅग सीटच्या मागे राहते, तिला कुठे जागा लागते.

तुझा,
दिगू


(पोस्टकार्ड)

मोरदरी,
१३ एप्रिल

प्रिय दिगू,

जरूर ये. ओढ्याची काळजी करू नकोस. सोय केली आहे. बॅग आण.

माधव


लोणावळा,
२२ एप्रिल १९६४

माधव,

बारकूचा पाय वाचला. काल ताप उतरला, सूज घोट्यापर्यंत आली. हे आधी लिहितो, म्हणजे तुझ्या वाडीला पायरीवर वाचून दाखवता येईल. पुढचं तू एकट्यानं वाच. बाया जेवण आणतील तर आणू देत.

मी तुला ओढ्याचं विचारलं होतं. दगड बाजूला सारले असतील, फळी टाकली असेल, अशी माझी समजूत. आम्ही पोचलो तेव्हा काठावर आठ जण दोन लांब वेळू खांद्यावर घेऊन उभे होते. मी उतरायला लागलो तर तुझे गेणूबाबा म्हणाले, डोलीतून माणूस खाली उतरत नाही. गाडीच्या पोटाखालून वेळू घातले आणि मला, चंद्रिकेला आणि सांज्याच्या पोळ्यांना घेऊन गाडी उचलली. गाडी ओढ्यावरून तरंगत चालली होती आणि मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. कशासाठी धरलं होतं, मला माहीत नाही.

"आजवर आजाऱ्याची डोली डाक्टरकडं न्हेली," गेणूबाबा खालून म्हणाले. "आज डाक्टरची डोली आनली. रस्ता त्योच हाय."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. चंद्रिका हसत होती म्हणून मीही हसलो. चढ चढून शाळेपाशी आलो तर अंगणात बावीस माणसं ओळीनं बसलेली. मी मोजली. सगळ्यांत पुढे बारकू, कोयत्याची जखम आठ दिवसांची, गुडघ्यापर्यंत सूज, जांघेत गाठ, अंगात एकशे तीन ताप. त्याची बायको मला म्हणाली, मास्तरांनी सांगितलं होतं तुमची गाडी येणार म्हणून, मग थांबलो. माधव, थांबलो. तुझ्या शब्दावर तो माणूस सूज चढल्यावरही पाच दिवस थांबला. एरवी डोलीनं टाकव्याला तरी नेला असता.

बाकीच्यांना तिथंच गोळ्या देता आल्या, त्याला मात्र नेणं भाग होतं. मी काही बोलायच्या आत चंद्रिका गाडीजवळ गेली आणि आतली आपली शाल आणून तिनं त्याच्या अंगावर घातली. सावित्राबाईच्या घरी ती राहिली. बायकोला परक्या घरात गोधडीवर सोडून मी निघालो, शेजारी बारकू. दुसऱ्या दिवशी ती टाकव्यापर्यंत चालत आली, तिथून एस.टी., कामशेतहून आगगाडी. घरी आली ती गप्पच होती. अजून फारसं बोलत नाही. बाटल्या भरते, घंटा वाजली की दार उघडते. माझी विचारायची हिंमत होत नाही.

आता रविवारी बारकूला परत सोडायला यावं लागेल. त्याची सीट म्हणजे चंद्रिकेची सीट. तुझ्या लक्षात येतंय का? आणि परतताना कोणी दुसरा बसवून देणार नाहीस, असं मला लिहून दे.

दिगंबर


मोरदरी,
११ मे १९६४

प्रिय दिगू,

लिहून दिलं नाही, कारण देता आलं नसतं. गेले तीन रविवार तू आलास, माझ्याशी 'पाणी उकळलं का' एवढंच बोललास आणि गेलास. बारकू परत आला तेव्हा शिदूला घेऊन गेलास. शिदू आला तेव्हा शालनच्या मुलीला, तिची छाती भरली होती म्हणून. काल तिला सोडलंस आणि आक्काबाईंना दम्यासाठी नेलंस. ओढ्यावरचे आठ जण आता रविवारी कुठे कामाला जात नाहीत. त्यांनी वेळू शाळेतच ठेवले आहेत, नकाशांच्या मागे.

समोर बोलता आलं नाही ते लिहितो. हे पत्रही मी एकट्यानंच लिहितो आहे.

गेणूबाबा जानेवारीत 'एक डाक्टर आन् एक आजारी' म्हणाले तेव्हा मी हसलो, हे खरं. त्यांचा समज चुकीचा आहे, ही गाडी डॉक्टरांच्या सुटीची आहे, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाया विचारायला आल्या, गाडी कधी यायची. मी म्हटलं, जोडून झाली की. तीही चूक दुरुस्त केली नाही. मार्चपर्यंत वाडीत सगळ्यांनी आपापली दुखणी तुझ्या नावानं राखून ठेवली. बारकू थांबला हे मला ठाऊक नव्हतं. पण त्याचा दोष मी त्याच्यावर टाकणार नाही.

का सांगितलं नाही, तेही ऐक. नऊ वर्षं मी इथं तुझ्या गोळ्या वाटतो आहे. कोणाला किती, हे तू पत्रात लिहितोस आणि मी देतो. दोनदा चुकलो. एकदा ज्या मुलाच्या बाबतीत चुकलो त्याची आई अजून माझ्या वर्गासमोरून पाण्याला जाते आणि मला नमस्कार करते. दरवर्षी बदलीचा अर्ज केला, असं मी तुला लिहीत आलो. दिगू, मी कधीच अर्ज केला नव्हता. करायला बसलो की वाटायचं, मी गेलो तर इथं कोण? फेब्रुवारीत पहिल्यांदा केला. तुझी गाडी येणार होती म्हणून केला.

शनिवारी तालुक्याहून हुकूम आला, सोपाननं आणला. शिरगावच्या शाळेत बदली. नवा मास्तर जूनमध्ये येईल. मी १५ तारखेला निघतो. खोलीची किल्ली गेणूबाबांकडे ठेवतो.

तू आता म्हणशील की मी स्वतःला सोडवलं आणि माझ्या जागी तुला बांधून ठेवलं. म्हण.

चंद्रिकावहिनींची माफी मागायचं धाडस नाही. त्यांच्या वाट्याची जागा मी दुसऱ्यांना वाटली.

तुझा,
माधव


लोणावळा,
१९ मे १९६४

माधवभावोजींना सा. न. वि. वि.

तुमचा शिरगावचा पत्ता सोपानकडून मिळाला. ह्यांनी तुमच्या पत्राला उत्तर लिहिलेलं नाही. ते रागावलेले नाहीत, असं मी लिहिणार नाही. फार रागावले आहेत. गाडी विकायची जाहिरात त्यांनी लिहिली आहे, पाकिटातही घातली आहे. गेले पाच दिवस पाकीट टेबलावर आहे. तिकीट मात्र लावत नाहीत. परवा रविवारी फाटकाशी गाडी चालू करून बराच वेळ तसेच बसून राहिले. मला वाटलं, आज जाणार नाहीत. मग उतरले, आत आले, विसरलेलं ड्रेसिंगचं कापड घेतलं आणि गेले.

तुमचं पत्र मी वाचलं. तुम्ही माझी माफी मागायची म्हणता, म्हणून हे लिहिणं भाग आहे. ह्यांनाही आणि तुम्हालाही एक गोष्ट ठाऊक नाही. मी कोणाला सांगितली नाही.

त्या दिवशी बारकूसाठी उतरले ते मनाचा मोठेपणा म्हणून नव्हे. उतरावंच लागणार हे अंगणात बसलेली माणसं दिसली तेव्हाच कळलं होतं. फियाटमधून बारा वर्षं उतरत आले आहे, सवय आहे. मनातून फार चिडले होते. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा सावित्राबाईच्या ओट्यावर बसून रडलेसुद्धा. त्या शेजारी बसून नाचणी निवडत राहिल्या, थोड्या वेळानं अर्धं सूप माझ्यापुढे सरकवलं.

त्या रात्री मला कोणी उठवलं नाही, भावोजी. आमच्याकडे रात्री दोनदा-तीनदा घंटा वाजते. दार मी उघडते, कारण हे दिवसभर दमलेले असतात. लग्न झाल्यापासून मी सलग झोपलेली नाही. तिथं उजाडल्यावर जाग आली. घरातली सगळी माणसं कामाला गेली होती. मी डॉक्टरीणबाई आहे म्हणून उठवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं का, असं विचारलं. सावित्राबाई म्हणाल्या, "न्हाई वं. तुमी निजला हुता. निजलेल्याला कोन उठवतंय?"

टाकव्यापर्यंत सात मैल चालत आले. एकदाही कोणी हाक मारली नाही. घरी आल्यावर मी गप्प होते ती रागानं नव्हे. एक शब्द बोलले तर सगळं सांगून टाकीन आणि मग ते माझ्याजवळ राहणार नाही, असं वाटत होतं. ह्यांनी त्याचा वेगळा अर्थ लावला आणि महिनाभर मला विचारायला घाबरत राहिले. मीही घाबरू दिलं. थोडं माझंही चुकलं.

ह्यांना एक सुटीची गाडी हवी होती, माझ्याबरोबर. ती आता मिळणार नाही. तिथल्या माणसांना नाही म्हणायला हे शिकणार नाहीत आणि शिकावं असं मलाही वाटत नाही. शालनच्या मुलीचा श्वास मी स्वतः ऐकला आहे. हे अडकले ते अडकलेच. पण दोघांनीही एकाच ठिकाणी अडकून राहायलाच हवं का, हा विचार पहिल्यांदा मनात आला.

प्रत्येक रविवारी जाताना कोणीतरी बरं झालेलं सीटवर असतं आणि येताना कोणीतरी आजारी. माझी जागा दोन्ही वेळा भरलेली. परवा तेवढी आक्काबाईंची धाप उतरली नव्हती, म्हणून हे एकटेच गेले आणि एकटेच आले. काल त्यांना बरं वाटलं, पण रविवारपर्यंत थांबायला त्या तयार नव्हत्या. उघड्या गाडीत पदर डोक्यावर राहत नाही, म्हणाल्या, आणि मुलाबरोबर एस.टी.नं गेल्या. त्यामुळे येत्या रविवारी, २४ तारखेला, जाताना सीट रिकामी आहे.

काल ह्यांना सांगितलं, मी येणार आहे. ते खूश झाले. म्हणाले, पण परतताना कोणी आजारी असेल तर? मी म्हटलं, मग मी राहीन. मास्तरांची खोली रिकामी आहे, किल्ली गेणूबाबांकडे आहे. नवे मास्तर जूनमध्ये येणार. म्हणाले, तुला तिथं त्रास होईल. मी म्हटलं, गेल्या वेळी झाला तेवढाच होईल. सोमवारी बाटल्या कोण भरणार आणि घंटा वाजली की दार कोण उघडणार, हे त्यांना अजून सुचलेलं नाही. सुचेल तेव्हा सांगीन, जाहिरात द्यायचीच असेल तर कंपाउंडर पाहिजे अशी द्या. आमची मुलगी सुटीत महिनाभर माझ्या बहिणीकडे, अरुंधतीकडे तळेगावला आहे.

टाकव्यापर्यंत चालत जाऊन एस.टी. मिळते, हे मला पाठ आहे. ह्यांना मी त्याची आठवण करून दिलेली नाही. तुम्हीही देऊ नका.

रविवारी सकाळी सहाला निघू. ३१ तारखेला हे परत येतील तेव्हा सीट रिकामी असली, तर मी त्यांच्याबरोबर घरी येईन. आक्काबाईंना निघताना हे सांगितलं, तर त्या जाग्यावर थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "रिकामी न्हाई राहायची बाई. तितं लय जन हायेत."

आपली,
चंद्रिका